प्रबंध बांधून झाला, शाळेचे काय?

डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेत 'सारथी'च्या अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला असताना तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी, पीएच.डी. करून ही मुले कोणता दिवा लावणार, अशा अर्थाचा प्रश्न केला आणि राज्यभर गदारोळ उठला. संशोधक विद्यार्थी संतापले, ते योग्यच झाले. ज्या घरात पहिल्यांदाच कुणी पदवीपर्यंत पोहोचले, त्या घरातल्या मुलाने पुढे शिकायचे की नाही हे मंत्र्यांनी ठरवायचे नसते. पण प्रश्न उर्मट होता म्हणून तो निकालात निघाला असे होत नाही. निदान शिक्षणशास्त्र आणि मानसशास्त्र या दोन विषयांपुरता तरी तो आपला आपल्याला विचारायला हवा. कारण या संशोधनाचा 'नमुना' म्हणून जी मुले निवडली जातात, ती आपल्याच गावच्या शाळेत बाकावर बसलेली असतात.

नातेपुत्याचे उदाहरण घेऊ. माळशिरस तालुक्यातले हे गाव सोलापूर जिल्ह्याच्या एका टोकाला आणि विद्यापीठ दुसऱ्या टोकाला. २००४ साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झाले (त्याला अहिल्यादेवींचे नाव २०१९ मध्ये मिळाले), तोवर इथल्या विद्यार्थ्याला कोल्हापूरची वाट धरावी लागे. एका जिल्ह्यासाठी एक विद्यापीठ ही राज्यात अपूर्वाईची गोष्ट होती. विद्यापीठ जवळ आले की संशोधनही गावाजवळ येईल, अशी अपेक्षा त्यामागे असणे साहजिक होते.

संशोधक आले, यात शंका नाही. एम.एड.चा लघुप्रबंध असो वा पीएच.डी.चा मोठा प्रबंध, मुखपृष्ठावर तालुक्याचे नाव असतेच: अमुक तालुक्यातील इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांच्या स्वसंकल्पनेचा व संपादनाचा तुलनात्मक अभ्यास. आत पाच प्रकरणे. प्रस्तावना, संबंधित साहित्याचा आढावा, कार्यपद्धती, विश्लेषण आणि शेवटी निष्कर्ष व शिफारशी. शंभर मुलगे, शंभर मुली. मध्यमान, प्रमाण विचलन, 'टी' मूल्य. आणि मग 'लक्षणीय फरक आढळत नाही'. शिफारस अशी की शिक्षकांनी शैक्षणिक साधनांचा वापर करावा. ही शिफारस करायला मुलांना तासभर प्रश्नावली भरायला बसवण्याची गरज होती का? आणि ती प्रश्नावली तरी कुठली? पुष्कळदा आग्र्याहून मागवलेली, हिंदी पट्ट्यातल्या शहरी मुलांवर बेतलेली आणि घाईत मराठीत उतरवलेली. आठवीतली मुलगी 'मला पार्ट्यांत मिसळायला आवडते' अशा धाटणीच्या विधानापुढे बरोबरची खूण करते, कारण सर समोर उभे असतात. त्या खुणेवर पुढे दोन दशांश स्थळांपर्यंत गणित चालते.

यात विद्यार्थ्याला दोष देऊन भागणार नाही. यातले बरेचसे संशोधक स्वतः शिक्षक असतात. दिवसा शाळा, मध्येच निवडणुकीचे काम, रात्री प्रबंध. २००९ च्या नियमावलीने पीएच.डी.साठी शोधनिबंध छापून येण्याची अट घातली आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. २०२२ च्या नियमावलीत ती अट गेली, पण पडलेली सवय अशी जात नाही. तयार चौकट हाती असली की काम वेळेत संपते, हे मार्गदर्शकालाही ठाऊक असते.

लहान नमुना ही मात्र पळवाट नव्हे. अमेरिकेत बुद्धिमापनाचे मोठे प्रस्थ माजवणाऱ्या ल्युइस टर्मनने क्लार्क विद्यापीठात १९०५ साली पूर्ण केलेला प्रबंध अवघ्या १४ मुलांवर होता. सात हुशार, सात मठ्ठ. (पुढे वंशशुद्धीच्या नादी लागून त्याने काय काय लिहिले, तो वेगळा आणि खेदाचा विषय.) त्या १४ जणांशी तो तासन् तास बसला होता. ब्ल्यूमा झायगार्निक ही बर्लिनमधली विद्यार्थिनी. तिचे गुरू कुर्ट लेविन यांच्या लक्षात आले की उपाहारगृहातल्या वाढप्याला बिल चुकते होईपर्यंत सगळी यादी तोंडपाठ असते आणि पैसे मिळाले की तो ती विसरतो, असे सांगतात. अर्धवट राहिलेले काम अधिक लक्षात राहते का, यावर तिने प्रयोग केले आणि १९२७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. पुढच्या संशोधकांना तो निष्कर्ष दर वेळी मिळाला नाही, हेही खरे. पण प्रश्न डोळ्यांसमोरच्या माणसाकडे पाहून सुचला होता.

आपल्याकडेही हे घडले आहे. बिनेची चाचणी फ्रान्समधून आलेली, व्ही. व्ही. कामत यांनी ती कन्नड आणि मराठी मुलांसाठी नव्याने बसवली आणि १९४० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. मूल परके नाही, मोजपट्टी परकी आहे, हे त्यांनी ओळखले. 'असर'च्या पाहणीत पाचवीच्या मुलाला दुसरीचा उतारा वाचता येतो का, एवढेच पाहतात. त्याला लागणारे साहित्य कागदाच्या दोन-चार कपट्यांत मावते. नातेपुत्यातल्या कोणत्याही शिक्षकाला ते उद्या सकाळी करता येईल.

आणि इथे प्रश्नांचा तुटवडा आहे असे कोण म्हणेल? कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की या तालुक्यात बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात. त्यांची मुले चार-पाच महिने फडात असतात. ती गावी परततात तेव्हा त्यांचे वाचन किती मागे पडलेले असते? हंगामी वसतिगृहात मागे राहिलेल्या भावंडाचे काय होते? दिवाळीच्या आगेमागे मेंढरे घेऊन बाहेर पडणाऱ्या धनगर कुटुंबातला मुलगा शंभर मेंढरांतून आपले कोकरू नेमके ओळखतो. त्याच मुलाला वर्गात 'स्मरणशक्ती कमी' असा शेरा मिळतो. या दोन स्मरणांत फरक काय, हा मानसशास्त्राचा अस्सल विषय आहे. त्यासाठी संशोधकाला वाड्यावर जाऊन बसावे लागेल, आणि तिथे प्रश्नावली वाटून चालणार नाही. अशा कामाला वेळ लागतो. म्हणून तर अधिछात्रवृत्ती द्यायची असते.

नियमानुसार प्रबंध आज 'शोधगंगा'वर चढतो, कुणालाही तो वाचता येतो. पण ज्या शाळेतली मुले मोजली त्या शाळेच्या मुख्याध्यापकाकडे काय येते? बहुतेक वेळा एक आभारपत्र. विद्यापीठाने एवढी एकच अट घालावी: तोंडी परीक्षेआधी संशोधकाने दोन पानी साध्या मराठीत आपला निष्कर्ष त्या शाळेच्या शिक्षक-पालकांपुढे वाचून दाखवावा आणि त्यांनी विचारलेले प्रश्न प्रबंधाला जोडावेत. परीक्षक परगावचे असतात, ते चहा घेऊन निघून जातात. पालक इथलेच असतात. 'लक्षणीय फरक आढळत नाही' म्हणजे आमच्या पोरीला गणित येते की नाही, असे एखादी आई विचारील, आणि त्याचे उत्तर पाचव्या प्रकरणात सापडत नसेल तर ते प्रकरण पुन्हा लिहावे लागेल.

आणखी एक विषय तर पायी चालत गावात येतो. शाळा उघडतात जूनच्या मध्याला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी माउलींची पालखी नातेपुत्याला मुक्कामी असते. पहिलीतले मूल नुकते कुठे रडायचे थांबलेले असते आणि गाव वारकऱ्यांनी भरून जाते. त्या दिवसांत ते मूल काय विसरते, काय नवे शिकते आणि वर्गात परत बसायला त्याला किती दिवस लागतात? पुढच्या वारीला कुणी एम.एड.चा विद्यार्थी वही घेऊन पहिलीच्या वर्गाच्या दाराशी उभा राहिला, तर मोजायला सुरुवात करता येईल.