डाग फोटोत, धूळ कॅमेऱ्यात

लग्नसराई आली की कॅमेऱ्याविषयी विचारणारे वाचक वाढतात. त्यातला एक प्रश्न ठरलेला असतो. निकाहचे हॉलमधले फोटो अगदी स्वच्छ येतात, पण बाहेर उन्हात काढलेल्या ग्रुप फोटोंत आकाशावर करडे ठिपके दिसतात, आणि तेही प्रत्येक फोटोत त्याच जागी. कॅमेरा गेला की काय? आपल्या कितीतरी घरांत मुलाच्या हाताला काम मिळावे म्हणून पै-पै जमवून कॅमेरा घेतलेला असतो. ते रोजीचे साधन आहे. म्हणून आज या ठिपक्यांविषयी सविस्तर लिहीत आहोत.

आधी हे सांगतो की घाबरू नका. असे ठिपके बहुतेक वेळा बिघाडाचे नसून धुळीचे असतात. लेन्स बदलताना कॅमेऱ्याचे तोंड उघडे पडते आणि धूळ आत जाते. ती थेट सेन्सरवर बसत नाही. सेन्सरच्या पुढे काचेसारखा एक पातळ फिल्टर असतो, त्यावर बसते. कण डोळ्यांना दिसणारही नाही इतका बारीक असू शकतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यात ३६ मिलिमीटर रुंदीत सुमारे ६००० पिक्सेल मावतात, म्हणजे एक पिक्सेल साधारण ६ मायक्रॉनचा. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. केसाचा एवढासा तुकडा दहा-बारा पिक्सेलची रुंदी व्यापतो.

मग हॉलमधल्या फोटोंत ठिपके का नाहीत? तिथे उजेड कमी, म्हणून आपण अ‍ॅपर्चर मोठे ठेवतो, एफ २.८ किंवा एफ ४. प्रकाश रुंद वाटेने येतो आणि कणाची सावली पसरून विरून जाते. उन्हात अ‍ॅपर्चर एफ ११, एफ १६ असे बारीक होते. प्रकाश अरुंद वाटेने येतो आणि तीच सावली ठळक पडते. ढगाळ दिवशी आपली सावली फिकी आणि कडक उन्हात काळी पडते, तसाच हा प्रकार.

याच गुणाचा उपयोग तपासणीसाठी करायचा. आयएसओ १०० ठेवा, अ‍ॅपर्चर एफ २२ करा, फोकस हाताने घ्या आणि मुद्दाम बिघडवा. पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. सूर्य मात्र चौकटीत येऊ देऊ नका. शटर उघडे असताना कॅमेरा थोडा हलवला तरी चालेल. भिंतीवरचे डाग पुसट होतील, पण धुळीचे ठिपके जागचे हलणार नाहीत. फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून कोपरा न् कोपरा पाहा. मग लेन्स बदलून पुन्हा एक फोटो काढा. ठिपका त्याच जागी असेल तर तो आतल्या फिल्टरवर आहे. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारी, पण फोटोत न येणारी धूळ आरशाजवळच्या भागांवर असते. तिच्या मागे लागू नये.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. लेन्समधून चित्र उलटे पडते. कॅमेरा सरळ धरून समोरून आत पाहिले, तर फोटोत वर-डावीकडे दिसणारा कण खाली-डावीकडे असतो.

आता सफाई. नियम एकच: सगळ्यात सौम्य उपाय आधी, आणि ठिपका गेला की तिथेच थांबायचे.

पहिली पायरी कॅमेऱ्याच्या मेनूतच असते. फिल्टर अतिवेगाने थरथरवून धूळ झटकण्याची सोय २००३ च्या ऑलिंपस ई-१ मध्ये आली आणि पुढे बहुतेक कंपन्यांनी ती स्वीकारली. ‘सेन्सर क्लीनिंग’ दोन-तीनदा चालवा आणि पुन्हा एफ २२ चा फोटो काढून पाहा.

दुसरी पायरी रबरी ब्लोअरची. बॅटरी पूर्ण भरलेली हवी. डीएसएलआरमध्ये मेनूतून हाताने सफाई करण्याचा पर्याय निवडा, म्हणजे आरसा वर जाऊन शटर उघडे राहील. मध्येच बॅटरी संपली तर ते बंद होईल आणि आत काही असेल तर शटरची नाजूक पाती मोडतील. पंखा बंद करा. ब्लोअर आधी बाहेर चार-पाचदा दाबून त्यातली धूळ काढा. कॅमेऱ्याचे तोंड खाली धरा आणि ब्लोअरची नळी आत न घालता हवा मारा. बहुतेक वेळा काम इथेच होते.

तिसरी पायरी ओल्या स्वॅबची. चिकटलेल्या डागांसाठीच ती वापरावी. फुल-फ्रेमला २४ मिलिमीटरचा, लहान एपीएस-सी सेन्सरला १६ मिलिमीटरचा स्वॅब लागतो. हाताला अत्तर किंवा क्रीम लागलेले असेल तर आधी साबणाने धुऊन कोरडे करा. सेन्सरसाठीच बनवलेल्या द्रवाचे एक-दोन थेंब स्वॅबवर घ्या, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हलक्या हाताने एकदा फिरवा, बाजू बदलून परत आणा आणि तो स्वॅब टाकून द्या. पैसे वाचवायला तोच पुन्हा वापरला तर अडकलेला कण काचेवर ओरखडा पाडू शकतो. हात थरथरत असेल तर ही पायरी जाणत्या कारागिरावर सोपवलेली बरी.

काही गोष्टी मात्र कधीच करू नयेत. तोंडाने फुंकर मारू नये. थुंकीचे बारीक थेंब धुळीपेक्षा चिवट असतात. दाबाने भरलेल्या हवेचा डबा वापरू नये. त्यातला द्रव बाहेर उडतो. रुमाल, कापूस, चष्म्याचे औषध आतल्या काचेला लावू नये.

सफाईनंतर थोड्याच दिवसांत गोल डाग पुन्हा पुन्हा उमटत असतील, तर ते शटरच्या भागातून उडणाऱ्या तेलाचे असू शकतात. तिथे आपला दोष नसतो. निकॉन डी६०० वर असे डाग येत असल्याच्या तक्रारींनंतर कंपनीने २०१४ मध्ये त्या कॅमेऱ्यांची तपासणी आणि शटर बदलणे मोफत करून दिले होते. अशा वेळी स्वॅबवर पैसे न घालता सर्व्हिस सेंटर गाठावे.

जुना कॅमेरा विकत घेणाऱ्यांनी पैसे मोजण्यापूर्वी एफ २२ चा फोटो जरूर काढून पाहावा. साधी धूळ असेल तर सौदा मोडायचे कारण नाही. पण तपासणीत ठिपक्याऐवजी सरळ रेघ दिसली तर तो ओरखडा असू शकतो, आणि ओरखडा सफाईने जात नाही. विकणाऱ्यानेही ऐब सांगूनच किंमत ठरवावी.

आणि जे फोटो निघून गेले आहेत त्यांचे काय? आकाशातला ठिपका एडिटिंगमध्ये क्षणात पुसता येतो. शेरवानीच्या जरीवर किंवा चेहऱ्यावर आला तर तेच काम तासाचे होते, आणि शेकडो फोटो असतील तर रात्र जाते. म्हणून प्रत्येक मोठ्या कामाच्या आदल्या दिवशी एक एफ २२ चा फोटो काढावा. दोन मिनिटे लागतात. लेन्स बदलताना कॅमेरा बंद असावा, त्याचे तोंड खाली असावे आणि दुसरी लेन्स हाताशी तयार असावी. आपल्याकडे धूळ टळत नाही, पण एवढी शिस्त घरातल्या शिकाऊ मुला-मुलींनाही सहज लागते.