किनारा कोणाचा?

बंदराकाठी धनिकांसाठी निवासी इमारत उभारणे हे काही पाप नव्हे. परंतु ज्या जागी शहराचे मुख समुद्राकडे वळलेले असते, त्या जागेवरची इमारत केवळ तिच्यात राहणारांची उरत नाही. ती येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाच्या दृष्टीस पडते, म्हणून तिचा जाब विचारण्याचा अधिकारही प्रत्येकास पोहोचतो.

सिडनीच्या नागरिकांनी तो बजावला. योर्न उट्झन यांचे ऑपेरा हाऊस १९७३ साली खुले झाले. त्याच्याकडे जाणाऱ्या वाटेवर, सर्क्युलर कीच्या पूर्व धक्क्याशी, १९९०च्या दशकात आलिशान सदनिकांची इमारत उभी राहू लागली, तेव्हा लोक संतापले. त्यांनी तिला दिलेले ‘टोस्टर’ हे कुचेष्टेचे नाव आजही पुसलेले नाही. मात्र एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे : तिच्या तळाशी स्तंभांची ओवरी आहे आणि तेथून कोणासही पाण्याच्या कडेने चालता येते. तिने नजर अडविली, वाट अडविली नाही.

मुंबईस हा धडा परका नाही. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यानंतर मुंबई बंदरातील मालवाहतुकीचा मोठा भाग पलीकडच्या तीरावर गेला आणि पूर्व किनाऱ्यावरील गोद्या-वखारींच्या जमिनीचे काय करावयाचे, हा प्रश्न उभा राहिला. अशा जागी उत्तुंग प्रासादांचे आराखडे पुढे येणे स्वाभाविकच आहे. ते हाती घेणाऱ्या वास्तुशिल्पकाराने प्रारंभ सर्वांत वरच्या मजल्यावरून दिसणाऱ्या देखाव्यापासून न करता जमिनीपासून करावा, असे आमचे मत आहे. मोटारी ठेवण्याच्या मजल्यांची आंधळी भिंत रस्त्याच्या तोंडावर येऊ नये. इमारतीची अरुंद बाजू पाण्याकडे असावी, म्हणजे मागील वस्तीचे आकाश झाकले जाणार नाही. काचेच्या भिंती लावून उन्हाशी यंत्रांनी झुंजण्यापेक्षा चार्ल्स कोरिया यांनी ‘कांचनजंगा’त (१९८३) योजलेले दुमजली उंचीचे सज्जे पाहावेत. ऊन-पाऊस बाहेर ठेवून वारा आत घेण्याची ती रीत याच शहरात सिद्ध झालेली आहे.

पण केवळ शिल्पज्ञाच्या सदिच्छेवर विसंबून चालणार नाही. १९९१ च्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनीचा सुमारे तिसरा हिस्सा मोकळ्या जागांसाठी ठरविला होता. २००१ च्या दुरुस्तीने ती वाटणी रिकाम्या जमिनीपुरतीच उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. गिरणगावात हातचे गेले ते गेलेच. किनाऱ्यावर तसे होऊ द्यावयाचे नसेल, तर पाण्यालगतची वाट सार्वजनिक राहील, ही अट पहिली वीट बसण्यापूर्वी कायद्याने पक्की केली पाहिजे.

समुद्राच्या दर्शनाची किंमत मोजणाऱ्यास तो खिडकीतून अवश्य दिसो. परंतु ज्याच्यापाशी मोजावयास काही नाही, त्याला निदान त्याच्या काठाने चालता आले पाहिजे. एवढीही सोय ज्या आराखड्यात नाही, तो कितीही देखणा असला तरी परत पाठवावा.