रंगाचे नाव जुळले म्हणजे रंग जुळला असे नव्हे

मॅचिंग सेंटरच्या दुकानात रोज घडणारी गोष्ट आहे. दुकानदार ट्यूबलाइटखाली साडीवर ब्लाऊजपीस ठेवतो आणि म्हणतो, "सेम टु सेम." गिऱ्हाईक पायरीवर उजेडात येऊन पाहते आणि पीस परत करते. रंगाची पारख दुकानदाराच्या जबानीवर होत नाही, उजेडात होते, एवढे आपल्या गिऱ्हाइकांनाही ठाऊक असते.

आज मात्र आम्ही कापडाबद्दल लिहीत नाही. इंग्लंडमध्ये एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली, जॅग्वार अशा जुन्या स्पोर्ट्स मोटारी पुन्हा मूळ रूपात आणण्याचा धंदा चालतो. पत्र्याचे काम, गादीकाम, इंजिनाचे काम, सगळे त्यात येते; पण गाडी विकायला उभी राहिली की पहिली नजर जाते ती रंगावर. "मूळ रंगात आहे," असे म्हटले की भाव चढतो. आमचे म्हणणे असे की, हा शब्द जितक्या सहज उच्चारला जातो तितका तो सोपा नाही, आणि जो कारागीर तो पुराव्यानिशी उच्चारतो त्यालाच तो शोभतो. डेंटिंग-पेंटिंगच्या कामात आपल्या समाजाचे पुष्कळ हात आहेत, आणि शेड मॅचिंग हा तर कापडवाल्यांचा रोजचा धडा. म्हणून हा विषय या पानावर घेतला.

एकच गाडी घेऊ, एमजीबी. १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यात ही गाडी जोडली जाई. एकूण पाच लाखांवर गाड्या बनल्या आणि त्यांतला मोठा हिस्सा अमेरिकेला गेला. १९८० च्या ऑक्टोबरात कारखाना बंद झाला. म्हणजे आज ज्यांची दुरुस्ती होते त्यांतली सर्वांत नवी गाडीही चाळीस वर्षांहून जुनी आहे. तिचा रंग काय होता, हे सांगायला कारखाना उरलेला नाही. मग विचारायचे कोणाला?

पहिला साक्षीदार कागद. वॉरिकशायरमधील गेडन येथे ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्ट आहे. कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या तिथे जपल्या आहेत, आणि चेसिस नंबर दिला की त्यावरून दाखला मिळतो: गाडी कधी बनली, कुठे पाठवली, बाहेरचा रंग कोणता, आतला कोणता. हा दाखला सोन्यासारखा आहे. पण त्यात रंगाचे नाव असते, रंग नसतो. आमच्या वहीतही "मोरपंखी, दोन तागे" असे लिहिलेले असते. पण वहीच्या त्या पानावरून कोणी मोरपंखी रंगवून दाखवावा!

नावाचा घोळ पाहायचा असेल तर ब्रिटिश रेसिंग ग्रीन पाहावा. १९०२ ची गॉर्डन बेनेट शर्यत इंग्रजांनी जिंकली, त्यामुळे पुढची शर्यत भरवण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. पण इंग्लंडच्या रस्त्यांवर शर्यतीला कायद्याने मनाई होती. म्हणून १९०३ ची शर्यत आयर्लंडात झाली आणि यजमानांच्या मानासाठी इंग्रजी गाड्या हिरव्या रंगविल्या गेल्या. तिथून हा हिरवा इंग्रजांचा झाला. पण तो एक हिरवा कधीच नव्हता. एमजी बनविणाऱ्या कंपनीच्या यादीतच या एका नावाखाली जीएन २५ आणि जीएन २९ असे दोन नंबर सापडतात. पुढे १९७५ साली एमजीच्या पन्नाशीनिमित्त सोनेरी पट्ट्यांच्या ७५० एमजीबी जीटी काढल्या, त्यांच्या रंगाचे नावही ब्रिटिश रेसिंग ग्रीनच. आज दुकानात जाऊन नुसते "रेसिंग ग्रीन द्या" म्हणणे म्हणजे बाजारात जाऊन "हिरवा द्या" म्हणण्यासारखे आहे. नावाबरोबर नंबर आणि साल हवेच.

दुसरा साक्षीदार खुद्द गाडी. जिथे ऊन, पाऊस आणि पॉलिशचा हात पोहोचला नाही तिथे जुना रंग दडून असतो: दाराच्या आतल्या पॅनलमागे, डॅशबोर्डखाली, गालिच्याखालच्या पत्र्यावर, दिव्याच्या रबराखाली. जाणता रंगारी तो भाग बारीक पॉलिशने हलकेच घासतो, वरचा मेलेला थर काढतो आणि मग दिवसाच्या उजेडात पाहतो. बॉनेटवरचा रंग मूळ समजून नमुना घेतला तर उडालेला रंग पुन्हा रंगविला जाईल. लाल रंगात हे फार होते.

पण हा साक्षीदारही डोळे झाकून मानू नये. बंद जागेतला रंग नेहमी खरा असतो असे नाही. तेलाच्या जातीचा पांढरा रंग अंधारात राहून पिवळा पडतो. शिवाय मधल्या काळात कोणी त्या दारावर दुसऱ्या गाडीचे दार चढविले असेल तर सगळा पुरावाच खोटा. म्हणून एका जागेवर न थांबता तीन-चार जागा पाहाव्यात, आणि कागद व गाडी दोघांची साक्ष जुळते का ते तपासावे.

तिसरा साक्षीदार यंत्र. स्पेक्ट्रोफोटोमीटर रंगावर प्रकाश टाकतो, कोणत्या लहरीचा किती प्रकाश परत आला ते मोजतो आणि त्यावरून मिश्रण सुचवितो. इथे आमच्या धंद्याचा मान आहे. रंगातला फरक आकड्यात मांडण्याचे सीएमसी नावाचे सूत्र १९८४ साली पुढे आले, ते ब्रॅडफर्डच्या रंगरेजांच्या संस्थेकडून. सोसायटी ऑफ डायर्स अँड कलरिस्ट्स ही ती संस्था, स्थापना १८८४ ची. त्या सूत्राची मुळे शिवणदोऱ्याच्या कारखान्यातील शेड पास-नापास करण्याच्या कामात आहेत. दोऱ्याच्या रिळावर घडलेली विद्या पुढे इतर धंद्यांनाही उपयोगी पडली.

यंत्र उपयोगी खरे, पण ते समोर ठेवलेला नमुनाच मोजते. नमुना उडालेला असेल तर उडालेलाच रंग बिनचूक मोजून देईल. आणि दुसरी अडचण अशी की, जुन्या रंगातले मसाले आज तसेच मिळत नाहीत. पूर्वी पिवळ्या-लाल रंगांत शिशाचे क्रोमेट असे. ते विषारी म्हणून युरोपीय संघाने २०१५ पासून त्यावर परवान्याची अट घातली. २००७ पासून तिथे गाड्यांच्या रंगातील उडणाऱ्या द्रावकांवरही मर्यादा आली. जुन्या ऐतिहासिक गाड्यांसाठी वेगळा परवाना देण्याची सोय ठेवली, एवढेच. म्हणजे आजचा रंगारी दुसऱ्या मसाल्यातून तीच शेड उभी करतो. अशा दोन शेड एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फुटतात. निर्यातीचे काम करणाऱ्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. म्हणूनच तर परदेशी खरेदीदार लॅबडिप दिवसाच्या उजेडात, दुकानाच्या ट्यूबखाली आणि साध्या बल्बखाली असा तीनदा पाहतो. गाडीचा रंगही तसाच तीनदा पाहावा.

नमुना कसा काढावा, यातही मेख आहे. डब्यातला ओला रंग पाहून निकाल देऊ नये. सुकल्यावर तो बदलतो. ब्रशने ओढलेला पट्टाही चालत नाही. गाडीवर जसा प्राइमर देणार तसाच पत्र्यावर देऊन, गनने तेवढेच हात मारून, सुकवून, पॉलिश करून मगच जुन्या रंगाशेजारी धरावा. लाल-पिवळ्या रंगांखालचा प्राइमर करडा की तांबूस, यावर शेड हलते. चमकीचा रंग असेल, जसे जॅग्वार ई-टाइपचे ओपलेसंट रंग, तर समोरून, तिरपे आणि खालून असे पाहावे, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या कणांची जाडी बदलली की एका कोनात जुळलेला रंग दुसऱ्या कोनात काळा दिसतो. आणि साध्या रंगावर आजच्या पद्धतीने वरून क्लिअर लॅकर चढविला तर शेड जुळूनही गाडी काचेसारखी चकाकते. जुन्या गाडीची झळाळी तशी नव्हती. रंग बरोबर, रूप चूक!

आता कोणी म्हणेल, गाडी मालकाची, पैसा मालकाचा. त्याला जांभळी हवी तर जांभळी द्यावी. बरोबर आहे. आम्ही त्याला हरकत घेत नाही. आमची हरकत आहे ती जांभळी देऊन मूळ रंग म्हणून विकण्याला. दुसरे कोणी म्हणेल, शंभर टक्के मूळ रंग आज शक्यच नाही, मग एवढा खटाटोप कशाला? हे मात्र आम्हाला मान्य नाही. कारखान्यातही दोन लॉटमध्ये फरक पडत असे. पूर्ण जुळत नाही म्हणून किती जुळले हे सांगण्याची जबाबदारी संपत नाही. उलट तिथूनच ती सुरू होते. मालातला ऐब गिऱ्हाइकाला आधी दाखविणे हा व्यापाराचा जुना कायदा आहे. रंगाच्या कामात ऐब डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो तोंडाने सांगावा लागतो.

तेव्हा आमचे तीन आग्रह आहेत. एक, जिथे जुना रंग अजून धड आहे तिथे तो खरवडू नये; कारखान्याने दिलेला रंग दुसऱ्यांदा कोणालाही देता येत नाही. दोन, सगळी गाडी रंगवायचीच असेल तर आतली वीतभर जागा जुन्याच रंगात सोडावी, जसा आपण मंजूर नमुन्याचा तुकडा सही करून जपतो. उद्या वाद झाला तर तो तुकडा बोलेल. आणि पुढच्या कारागिराची ती अमानत आहे. तीन, बिलावर स्पष्ट लिहावे: रंगाचे नाव, नंबर, नमुना कुठून घेतला, रंग कोणत्या जातीचा आणि कोणत्या उजेडात पास केला. "मूळ रंग" आणि "मूळ रंगाशी जुळविलेला नवा रंग" हे दोन वेगळे माल आहेत. त्यांची नावेही वेगळीच असावीत.

आपल्याकडेही २०२१ पासून पन्नास वर्षांवरील गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी सुरू झाली आहे आणि त्यात गाडी मूळ स्वरूपात असण्याची अट आहे. म्हणजे असे काम आपल्या गॅरेजांतही येणार. ते येईल तेव्हा चांगली गन आणि चांगला डबा कोणीही विकत आणील. पण नमुना जपणारा, उजेडात उभा राहून रंग दाखविणारा आणि बिलावर खरे लिहिणारा पेंटर बाजारात विकत मिळत नाही. गिऱ्हाईक त्यालाच शोधत येईल.