दूधभातावरचं मांजर

मांजर आणायचं ठरलं की घरात सगळ्यात आधी काय होतं? नावावरून भांडण! मग टोपली, जुनी चादर आणि एक बशी. बशीत अर्थातच दूध. मांजर म्हणजे दूध, हे आपल्या डोक्यात बालवाडीपासून इतकं पक्कं बसलंय की पुढचा विचार कुणी करतच नाही.

माझं मत थोडं कडू आहे, पण सांगतेच. ज्या घरात मांस-मासळी अजिबात चालत नाही आणि मांजरापुरती चालवून घ्यायचीही तयारी नाही, त्या घरानं मांजर पाळू नये.

शाकाहाराशी माझं भांडण नाही. आमचं घरही शाकाहारीच. पण ती आपली निवड आहे, मांजराची नव्हे. मांजर पक्कं मांसाहारी. त्याला टॉरिन नावाचं द्रव्य लागतं आणि ते त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही. ते मिळतं मांसातून, मासळीतून. भातात, पोळीत ते जवळजवळ नसतंच. ते दीर्घकाळ कमी पडलं तर नजर जाते, हृदयाचे स्नायू दुबळे होतात. हृदयाशी असलेला हा संबंध कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८७ साली दाखवून दिला आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यात टॉरिन वाढवलं गेलं. आणि दूध? पिल्लू मोठं झालं की बऱ्याच मांजरांना दुधातली साखर पचेनाशी होते. मग जुलाब.

"पण आमच्या आजीकडची मांजरं दूधभातावरच जगायची की!" हे मला दर वेळी कुणीतरी ऐकवतंच. जगायची, खरंय. पण दूधभात खाऊन झाल्यावर ते मांजर जायचं कुठे? माळ्यावर, गोठ्यात, परसात. उंदीर, पाली, चिमण्या... आपलं खरं जेवण ते आपणच मिळवायचं. आजीचा दूधभात म्हणजे वरचा खाऊ. आपण त्याच मांजराला चौथ्या मजल्यावर आणतो, खिडक्यांना जाळ्या बसवतो (बसवायलाच हव्यात, मांजरं पडतात!), त्याची शिकार बंद करतो आणि आजीची फक्त बशी तेवढी चालू ठेवतो. मग ते बिचारं खाणार काय?

आमच्याकडे मनी यायच्या आधी सासूबाईंनी एकच विचारलं होतं, "तिचं खाणं कुठे ठेवणार?" त्या डब्यात मासळी असणार हे मी स्पष्ट सांगितलं. त्या जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "गॅलरीत ठेव. वाटी, चमचा सगळं वेगळं." आजही त्या डब्याला हात लावत नाहीत. पण मनीच्या जेवणाची वेळ टळली तर आम्हाला हाका मारून बेजार करतात.

सगळ्याच घरांत हे जमेल असं नाही, आणि न जमण्यात कमीपणाही नाही. पण लस, नसबंदी, डॉक्टर यांची चौकशी करण्याआधी घरातल्या मोठ्यांना हा एक प्रश्न नक्की विचारा. उत्तर 'नाही' आलं तर ते ऐका. गच्चीत पाण्याचं भांडं भरून ठेवा, येणारी-जाणारी मांजरं पिऊन जातील. तीही मायाच आहे.