‘उशिरा आली’ म्हणता, पण उशीर कुणी केला?

दिल्लीतल्या एका रुग्णालयात मामीच्या फाइलवर शेरा पडला: पेशंट उशिरा आली. स्तनाचा कॅन्सर हाडांत पोचला होता, चौथी स्टेज. मामी नोएडातल्या सोसायट्यांत धुणीभांडी करते, खाडा झाला की पैसे कापले जातात. तरी गाठ हाताला लागल्यावर ती गल्लीतल्या दवाखान्यात तीनदा गेली होती. तिन्ही वेळा गोळ्या देऊन घरी पाठवलं. फाइलवर त्यासाठी रकाना नव्हता.

सेमिनारमध्ये कुणी ‘जागृतीचा अभाव’ म्हणालं की मला ‘गुणवत्तेचा अभाव’ आठवतो. दोन्हीकडे खोट आपल्याच माणसात काढायची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या (2019-21) आकड्यांत 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी कधीतरी स्तनतपासणी झालेल्या एक टक्काही नाहीत. ही तपासणी मामीने स्वतः उघडायची होती का?

आणि चौथी स्टेज म्हणजे ‘घरी न्या, सेवा करा’ नव्हे. आपल्या घरांत हे कुणी सांगत नाही, म्हणून इथे लिहितो. आजार बहुधा मुळापासून जात नाही, पण अनेकींमध्ये तो काही वर्षं आवरता येतो. त्यासाठी बायोप्सीच्या रिपोर्टवर ईआर, पीआर आणि हर-टू या तीन नोंदी आहेत का ते बघा. नसतील तर मागा. औषध त्यावरूनच ठरतं. हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह असेल तर लेट्रोझोलसोबत रायबोसिक्लिब किंवा पॅल्बोसिक्लिब देतात. लेट्रोझोल स्वस्त आहे. अडतं ते दुसऱ्या गोळीपाशी.

2022 मध्ये याच आजाराची एक बाई केरळ उच्च न्यायालयात गेली. घरची मिळकत महिना 74,400 रुपये, एकट्या रायबोसिक्लिबचा खर्च 58,140. पेटंट नोव्हार्टिसचं, म्हणून दुसरी कंपनी ते बनवू शकत नव्हती. सक्तीचा परवाना द्या, एवढीच मागणी होती. निकाल लागण्याआधी त्याच वर्षी ती गेली. ही तर बँकेतून निवृत्त झालेली बाई. मामीने कोणत्या कोर्टात जायचं?

परवाना देता येत नाही असं नाही. 2012 मध्ये सोराफेनिबसाठी नॅटकोला दिला, तेव्हा महिन्याचा खर्च सुमारे 2,80,000 वरून 8,880 वर आला. त्यानंतर एकाही औषधाला नाही. जानेवारी 2023 मध्ये पॅल्बोसिक्लिबचं पेटंट संपलं आणि देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. रसायन तेच, फक्त तारीख उलटली. त्या तारखेआधी गेलेल्या बायका ‘उशिरा’ आल्या होत्या की लवकर?

2024 च्या अर्थसंकल्पात सरकारने ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅनवरची कस्टम ड्यूटी माफ केली. टाळ्या वाजल्या. दहा टक्क्यांची सूट. लाखांच्या औषधावर ती मामीच्या काय कामाची?

पेटंट कायद्याचं कलम 92 सरकारच्या हातात आहे. त्याखाली अधिसूचना काढायला कुठल्या रुग्णाच्या अर्जाची वाट बघावी लागत नाही. आपल्यातले जे वकील झालेत, फार्मसी शिकलेत, संशोधन करतायत, त्यांनी आरोग्य मंत्रालयाला माहिती अधिकारात एवढंच विचारावं: स्तनाच्या कॅन्सरच्या किती औषधांसाठी ही फाइल उघडली, आणि ती कोणत्या टेबलावर पडून आहे?