सलाईनच्या बाटलीआधी

श्रावण पाळायचा म्हणून एका गृहस्थांनी अनेक वर्षांची दारू एकाएकी बंद केली. तिसऱ्या दिवशी हातांना कंप, उलट्या व ग्लानी अशा अवस्थेत त्यांना माझ्या दवाखान्यात आणले गेले. कित्येक आठवडे अन्न नाममात्रच होते. "कधीमधी घेतात," असे घरच्यांनी सांगितले आणि मीही खोदून विचारले नाही. ग्लुकोजचे सलाईन लावले. थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, दिले ते दुसऱ्या दिवशी, तेही गोळीच्या रूपात. तोवर डोळ्यांची बुबुळे थरथरू लागली होती, तोल जात होता. पुढे चाल सुधारली. स्मृती परतली नाही. नातवाचे नाव ते दर भेटीत नव्याने विचारीत.

वर्निके यांनी या विकाराचे वर्णन १८८१ मध्येच केले होते. ग्लुकोजपासून ऊर्जा मिळविण्यास मेंदूला थायामिन लागते. शरीरातील त्याचा साठा जेमतेम ३० मिलिग्रॅम. आहार तुटला की दोन-तीन आठवड्यांत तो संपतो. दारूमुळे आतड्यातील शोषण मंदावते, यकृतातील साठवणही बिघडते. अशा रुग्णास केवळ गोळी देणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. वरून ग्लुकोज दिले की उरलासुरला साठाही खर्ची पडतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, दारू सोडताना आजारी पडलेल्या प्रत्येक कुपोषित रुग्णास थायामिनचे इंजेक्शन आधी, निदान ग्लुकोजसोबत तरी, मिळालेच पाहिजे. रक्तातील साखर फार उतरली असल्यास ग्लुकोज मात्र क्षणभरही रोखू नये. मल्टिव्हिटॅमिनने सलाईन पिवळे झाले की कर्तव्य संपले, असे मानू नये. त्यातील ब-१ची मात्रा अशा रुग्णास बहुधा अपुरी असते. मॅग्नेशियमची उणीवही भरून काढावी, कारण त्यावाचून थायामिन नीट कार्य करीत नाही. डोळे, तोल व शुद्ध या तिन्हींत बिघाड दिसेपर्यंत थांबणेही योग्य नव्हे. तिन्ही लक्षणे एकत्र थोड्याच रुग्णांत आढळतात.

समाजबांधवांना एक विनंती. रोज पिणाऱ्याने दारू अवश्य सोडावी, परंतु डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आणि "किती घेतात?" या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे. अब्रू झाकण्यासाठी उच्चारलेला "कधीमधी" हा शब्द एखाद्याची उभी स्मृती पुसून टाकू शकतो. तो निमूटपणे ऐकून घेण्याचा दोष माझाही होता.