फाटक्या सदऱ्याची रोटी

डिसेंबरातली गोष्ट. इशाची नमाज झाली होती, भांडी आवरून मी अंथरूण घालत होते. साडेदहाला मुलाचा व्हिडिओ कॉल आला. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा म्हणजे टोरंटोत दुपारचे बारा. ही त्याची जेवणाची सुट्टी.

"अम्मी, देक, ये क्या है!"

आमच्या घरची बोली दखनी. पुढचं बोलणं तिच्यातच झालं, इथे मराठीत सांगते. पडद्यावर आधी थंडीनं लाल झालेलं त्याचं नाक दिसलं, मग हातातलं कागदात गुंडाळलेलं पुडकं, चांगलं विटेएवढं. फुटपाथवर रांग लावून त्यानं ते घेतलं होतं. दुकानाच्या पाटीवर लिहिलं होतं, 'कॅरिबियन रोटी'. रोटी हा शब्द वाचूनच तो थांबला होता.

"हलाल आहे का विचारलंस?"

"दारावरच लिहिलंय, अम्मी."

त्यानं पुडकं सोडलं. मऊ, मोठी पोळी, आणि तिच्या आत बकऱ्याच्या मटणाचा दाट रस्सा अन् बटाटा, चारी बाजूंनी घडी घालून बंद केलेला. पोळीचा एक तुकडा तोडून त्यानं फोनजवळ धरला. दोन पापुद्र्यांमधून पिवळं काहीतरी भुरभुर सांडत होतं.

"डाळ आहे आत. आपली पुरणपोळीच म्हण, फक्त गूळ नाही."

मला हसू आलं. कुंडलमधल्या मुसलमान घराला पुरणपोळी नवी नाही. होळीला शेजारून ताट येतं, ईदला आमच्याकडून शीरखुर्मा जातो. पण पुरणात लसूण-मिरची घालून, वर मटण गुंडाळून, भर रस्त्यात उभ्यानं खायची पोळी मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्यानं पुढे जे सांगितलं त्यानं माझी झोप उडाली. दुकानातली बाई साठीची, आपल्याकडच्यासारखीच दिसणारी. तिला हिंदी येत नाही, उर्दू नाही, मराठीचा तर प्रश्नच नाही. पण ती तव्याला तवा म्हणते, लाटण्याला बेलना, कणकेच्या गोळ्याला लोया, जिऱ्याला गीरा आणि फोडणी देण्याला चंके. वडिलांच्या आईला ती आजी म्हणते. आजी! माझा मुलगा तिथेच गोंधळला. तिला विचारलं, तुमचं गाव कोणतं? म्हणाली, त्रिनिदाद. त्याआधीचं? इंडिया. इंडियात कुठे? ते मात्र तिला ठाऊक नव्हतं.

*

मग मी शोधून वाचायला बसले. वाचक भगिनींनो, ही रोटी तिकडे कशी गेली ते कळलं, आणि तेव्हापासून घराबाहेरच्या उसाकडे पाहताना मला ते आठवत राहतं.

१८३४ साली इंग्रजांच्या वसाहतींत गुलामगिरी बंद झाली. मोकळे झालेले लोक जुन्या मालकाच्या उसात राबायला तयार होईनात. मळेवाल्यांना माणसं हवी होती, ती त्यांनी हिंदुस्थानातून नेली. बिहार आणि उत्तर प्रदेशच्या गावांमधून अरकाटी, म्हणजे माणसं जमवणारे दलाल, फिरायचे. पाच वर्षांचा करार करायचा. 'अॅग्रीमेंट' शब्दाचं लोकांच्या तोंडी 'गिरमिट' झालं. त्रिनिदादचं नाव झालं 'चिनीदाद'. साखरेचा मुलूख! नावातच आमिष होतं.

त्रिनिदादला पहिलं जहाज लागलं ३० मे १८४५ रोजी. कलकत्त्याहून निघून तीन महिन्यांहून जास्त दिवस पाण्यावर, आणि आत सव्वादोनशेच्या आसपास माणसं. जहाजाचं नाव होतं 'फतेह अल रज्जाक'. इंग्रज कारकुनांच्या हातून त्याचं 'फॅटेल रझाक' झालं आणि तिथल्या इतिहासात तेच रुजलं. अर-रज्जाक हे अल्लाहचं नाव, अर्थ रिज्क देणारा. ज्या जहाजातून ही रोटी निघाली, त्याच्यावरच रोजी-रोटी देणाऱ्याचं नाव होतं. हे वाचल्यावर मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसले. ३० मे हा दिवस त्रिनिदादमध्ये आजही सरकारी सुट्टीचा आहे.

भरती १९१७ पर्यंत चालली. एकट्या त्रिनिदादमध्ये १ लाख ४० हजारांहून जास्त माणसं गेली. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते. आपल्या मुंबई बंदरातूनही माणसं गेली, पण मुख्यतः मॉरिशसला. रत्नागिरी-सातारा भागातली ती मराठी घरं अजून तिथे आहेत, मुलं शाळेत मराठी शिकतात. आणि पोर्ट लुईच्या बाजारात दुपारी लोक काय खातात? 'ढोल पुरी'. नीट ऐका, डाळपुरीच ती. वर पावट्यासारख्या दाण्यांची भाजी आणि चटणी घालून देतात, आणि मागायची ती जोडीनं. दोन महासागरांतली दोन बेटं, दोन्हीकडे उसाचे मळे, आणि दोन्हीकडे डाळ भरलेली पोळी.

तिकडे आपलं जोंधळ्याचं पीठ नव्हतं, चक्कीचा आटा नव्हता. जहाजानं यायचा तो मैदा. हरभऱ्याच्या डाळीऐवजी पिवळ्या वाटाण्याची डाळ. कोथिंबिरीच्या जागी तिथलाच एक लांब पानांचा, तसाच वास असलेला पाला. बायकांनी जे मिळालं त्यातून घरची चव जमवली. दिवसभर ऊस तोडायचा, म्हणून पहाटेच तवा तापवायचा आणि पोळीत भाजी गुंडाळून न्यायची. नातवंडांच्या तोंडची बोली हळूहळू गेली, पण तवा आणि बेलना राहिला. तशीच मोहर्रमही राहिली. तिकडे तिला 'होसे' म्हणतात, आणि ताजिये निघतात. आमच्या कडेगावच्या उंच ताबुतांखाली उभ्या राहिलेल्या माणसाला ते चित्र परकं वाटणार नाही.

या रोटीला बाजारात आणणाऱ्यांत दोन घरांची नावं घेतली जातात, आणि ती ऐकून तुम्हालाही माझ्यासारखंच बरं वाटेल. १९३६ साली प्रिन्सेस टाऊन नावाच्या गावात इमामूल दीन आणि त्यांची बीबी रसूलन यांनी तळलेल्या मऊ 'बारा'वर, म्हणजे वड्याच्या जातीच्या पुरीवर, शिजवलेले छोले घालून विकायला सुरुवात केली. गिऱ्हाईक म्हणू लागलं, एक नको, दोन बारा लावून द्या, डबल करा. झालं, नाव पडलं 'डबल्स'. आज त्रिनिदादमध्ये सकाळी साहेब आणि हमाल एकाच गाडीपुढे उभे राहून डबल्स खातात. "मिरची थोडी का जास्त?" एवढाच प्रश्न सगळ्यांना. आणि संपूर्ण जेवण पोळीत गुंडाळून विकायची युक्ती १९४०च्या दशकात सान फर्नांडोच्या सकीना करामत यांनी काढली, असं सांगतात. रसूलन आणि सकीना! आपल्या मोहल्ल्यात हाक मारली तर चार जणी वळून बघतील अशी ही नावं.

रोटीचा आणखी एक प्रकार माझ्या मुलाचा आवडता. डाळ नसलेला, तेल लावून पदर सुटलेला पराठा. तव्यावर असतानाच दोन लाकडी उलथन्यांनी तो झोडपतात, मग त्याच्या चिंध्या होतात. त्याला नाव आहे 'बस-अप-शट', म्हणजे 'बर्स्ट अप शर्ट', फाटका सदरा. ज्यांच्या अंगावर खरोखर फाटके सदरे होते, त्यांनीच हे नाव हसत हसत दिलं असावं.

*

पण हे कौतुक अलीकडचं. जुन्या माणसांच्या आठवणींत वेगळंच वाचायला मिळतं. तिथल्या शाळेत हिंदुस्थानी मुलं डब्यातली रोटी लपवून खायची. बाकीच्या मुलांकडे पाव असायचा. रोटी म्हणजे कुलींचं खाणं, अशी चेष्टा व्हायची. मुलं शाळेच्या मागे जाऊन तोंड फिरवून खायची.

इथे मला माझंच घर आठवलं.

माझा मुलगा पाचवीत होता. शाळा इंग्रजी माध्यमाची, गावाबाहेरची. मी डब्यात जोंधळ्याची भाकरी आणि मेथीची भाजी दिली होती. वर्गात सगळ्यांसमोर त्याला सांगण्यात आलं की वास येणारं काही आणू नये, जरा नीटनेटकं आणावं. डबा भरलेलाच परत आला. शाळेत जाऊन विचारायला हवं होतं. मी गेले नाही. दुसऱ्या दिवसापासून पावाला जाम लावून देऊ लागले.

माझे सासरे उभी हयात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात कामाला होते. फडक्यात बांधलेली भाकरी सायकलला अडकवून जायचे. ते मला काही बोलले नाहीत. परत आलेली ती भाकरी त्यांनी संध्याकाळी दुधात कुस्करून खाल्ली.

तोच मुलगा आज कडाक्याच्या थंडीत रांगेत उभा राहून ऊसतोड मजुरांची रोटी खातो आणि आईला फोन करून दाखवतो. रोटी तीच, फक्त बघणाऱ्यांची नजर बदलली. आणि ती बदलायला शंभर वर्षं लागली.

*

आता कृती. गेल्या महिन्यात मी तीनदा केली, पहिल्या वेळी सपशेल फसली. चूक सांगते म्हणजे तुमची होणार नाही.

एक वाटी हरभऱ्याची डाळ दोन तास भिजवा. हळद-मीठ घालून शिजवा, पण पुरणासारखी गाळ होऊ देऊ नका. नखानं दाबली तर तुटावी, इतपतच. इथेच माझं चुकलं होतं. पाणी पूर्ण निथळू द्या. ते पाणी टाकू नका, त्याची येळवणी होते. डाळ ताटात पसरून गार करा, मग भाजलेल्या जिऱ्याची पूड, चार लसूण पाकळ्या आणि दोन हिरव्या मिरच्या घालून कोरडीच वाटा. रव्यासारखी मोकळी हवी.

तीन वाट्या मैद्यात एक छोटा चमचा बेकिंग पावडर, मीठ आणि एक चमचा तेल घालून सैलसर मळा. निम्मी कणीक घेतली तरी चालते, चव आपल्या ओळखीची येते. अर्धा तास झाकून ठेवा. लाटीत दोन-तीन चमचे सारण भरून तोंड बंद करा आणि पुन्हा दहा मिनिटं ठेवा. ही दहा मिनिटं चुकवू नका, नाहीतर लाटताना फुटते. हलक्या हातानं पातळ लाटा, तापलेल्या तव्यावर टाका, दोन्ही बाजूंना तेलाचं बोट फिरवा. उतरवल्यावर लगेच फडक्यात गुंडाळा, मऊ राहते. आत बटाटा-छोले किंवा कोंबडीचा दाट रस्सा घाला. तिकडची खुबी अशी की मसाला आधी थोड्या पाण्यात कालवतात, मग तेलात तेल सुटेपर्यंत भाजतात.

*

तिसऱ्या वेळी जमली तेव्हा जानेवारी निम्मा सरला होता. घरामागच्या उसाला तोड लागली होती. आमच्याकडे क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाडांच्या नावाचा साखर कारखाना आहे. दर हंगामाला बीडकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत तोडायची. गिरमिट वाचून आले होते म्हणून असेल, उचल हा शब्द यंदा कानाला वेगळा लागला.

फडातली एक बाई रोज आमच्या नळावर पाण्याला येते. तिला दोन डाळपुऱ्या बटाट्याची भाजी घालून दिल्या. तिथेच टेकून तिनं घास घेतला.

"आत काय हाय? डाळ? मग गूळ कामून नाही घातला?"

मी तिला सगळी हकिकत सांगितली. दूर देशात ऊस तोडायला नेलेल्या बायका, तिथली रोटी, आता शहरात लागणाऱ्या रांगा. ती ऐकत होती. मग तिनं आपलं फडकं सोडलं, बाजरीची अर्धी भाकरी तोडली, तिच्यावर ठेचा ठेवला आणि माझ्यापुढे धरली.

इतके हंगाम गेले. मी पाणी दिलं, चहा दिला, ईदला शीरखुर्मा दिला. पण त्यांच्या फडक्यातली भाकरी मी कधी खाल्ली नव्हती. देणं मला जमत होतं, त्यांच्या हातचं घेणं कधी सुचलंच नव्हतं. बिस्मिल्लाह म्हणून तिच्या शेजारी पायरीवर बसले आणि खाल्ली. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं, ती हसली.

रात्री मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "अम्मी, ती कशी थापते ते शिकून घे."

शिकायचं ठरवलं आहे. जोंधळ्याची भाकरी मला जमते, बाजरीची कडेला चिरते. अजून महिनाभर त्यांची कोपी आमच्या बांधावर आहे.